तांडेलाने बांधलेला ओटा

अनंता तांडेलाला समुद्रातलं सगळं ठाऊक होतं आणि घरातलं काहीच नाही. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान, आणि धुक्यात बोट खाडीच्या तोंडातून आत घ्यायची असेल तर अख्खा कोळीवाडा त्याचंच नाव घेई. पण स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला असं कुणी विचारलं, की हा गडी बायकोच्या तोंडाकडे बघे. त्याची त्याला लाजही वाटत नसे. रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत त्याच्या वयाच्या कुठल्याच पुरुषाला वाटत नसे. पुरुषांनी बोट सांभाळायची, बायकांनी मासळीची पाटी आणि चूल सांभाळायची, एकमेकांच्या राज्यात नाक खुपसायचं नाही, असा जुना तह होता. तो करताना बायकांना कुणी विचारलं होतं का, हे मात्र विचारू नका.

मग गेल्या वैशाखात त्याची बायको केसर पडली.

त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या अंगाची एक अंधारी खोली. त्यात सगळं जमिनीवर. चूल खाली, गॅसची शेगडी दोन विटांवर पण खालीच, विळी खाली, कोपऱ्यात मोरी. केसरने बसल्या जागी बोयी मासे साफ केले, पाणी ओतायला उठली आणि खवल्यांवरून पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की जमिनीवर बसणं आता बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही. कायमचं. त्यांची एकुलती एक मुलगी हेतल उलव्याला सातव्या मजल्यावर राहते. तिने आईला सरळ आपल्या घरी नेलं. लिफ्ट आहे, उंच संडास आहे, डॉक्टर जवळ आहे. 

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मासेमारीची बंदी लागून बोट वर ओढून शाकारून झाल्यावर, तो तिला भेटायला गेला. सुकटीचं गाठोडं पुढे ठेवलं, चहा झाला, आणि त्याने विचारलं की घरी कधी येतेस. केसर पलंगावर बसली होती. ती खिडकीबाहेरच्या इमारतींकडे बघत राहिली.

“येवून काय करू?” ती म्हणाली. “मना खाली बसता येनार न्हाय, न तुमच्या घरान सगला खालीच हाय. शेजारच्या तुलशीनं डबा आनून द्यावाचा न मी खाटेवं बसून खावाचा? आपल्याच घरान पावनी म्हनून मी न्हाय येनार. त्यापरीस लेकीकडं बरी.”

‘तुमच्या घरान’ म्हणाली. परतीच्या एसटीत अनंताच्या डोक्यात तेवढाच शब्द बसून राहिला. चाळीस वर्षं झाली त्या घराला. दोन वादळांत कौलं उडाली, दोन्ही वेळा तो वर चढला आणि खालून एकेक कौल केसरने हातात दिलं. हेतल तिथेच जन्मली. आणि आता ते ‘तुमचं’ घर झालं. नारळी पौर्णिमा झाली की बोट पाण्यात जाणार. मग चार-चार दिवस दाराला कुलूप. परत यायचं, खिशातून चावी काढायची आणि आपणच आपलं दार उघडायचं.  वादळाला न घाबरलेला माणूस एसटीत बसून कुलपाला घाबरला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेजारच्या दयारामला सांगितलं की स्वयंपाकघरात ओटा बांधायचा, उभ्याने जेवण करता येईल असा, आणि पौर्णिमेच्या आत. संडासात ठेवायची उंच खुर्ची अलिबागेत विकत मिळाली, पण ओटा काही विकत मिळत नाही. दयाराम तीस वर्षं त्याच्याच बोटीवर खलाशी. तो म्हणाला, गवंडी बघ. अनंताने तीन बघितले. पण अलिबागेपासून इकडे मुंबईकरांच्या बंगल्यांचं असं पीक आलंय की गवंड्याला गाठण्यापेक्षा मंत्र्याला गाठणं सोपं. तिघांनीही दिवाळीनंतरचा वायदा केला. तेव्हा अनंता म्हणाला, मी बांधतो. दयारामला हसू आवरेना. घरात साधा खिळा मारायचा तर केसर मारते, हे सगळ्या वाडीला माहीत. अनंता हट्टाला पेटला. बोटीची फळी बदलतो, सांध्यांत काथ्या भरतो, भर समुद्रात इंजिन उघडतो, मग ओटा तो काय? सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, त्यातला तो.

हेतलने त्याच्या फोनवर एका मिस्त्रीचे व्हिडिओ लावून दिले. मिस्त्री हिंदीत बोलायचा आणि दर दोन वाक्यांनी म्हणायचा, एकदम आसान है. अनंताने त्याच्यावर विश्वास ठेवला.

फोडाफोडीच्या आधी खोली रिकामी करायची होती. डबे, भांडी, फडताळ पडवीत गेलं आणि जमीन उघडी पडली. चाळीस वर्षांत त्या खोलीत तो पहिल्यांदाच धड बघत होता. चुलीसमोरचा कोबा बशीसारखा झिजून गुळगुळीत झाला होता. पाट तिथेच सरकत असणार. शेजारी विळीने दोन खळगे पाडले होते. आणि बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून दीड हात उंचीवर, एक काळाकुळकुळीत तेलकट डाग होता. तो कशाचा हे काही त्याला कळेना. सवयीने त्याने केसरला हाक मारायला तोंडही उघडलं. मग तो त्या झिजल्या जागी बसून बघू लागला, आणि उठायला गेला तेव्हा गुडघ्याने दगा दिला. हात आपसूक भिंतीवर गेला. बरोबर त्या डागावर.

तो पुन्हा बसला. एक चहा करायचा तर किती वेळा उठावं लागतं, हे त्याने खरंच उठून मोजलं. पाण्याला उठा, साखरेला उठा, चहापुडीला उठा, दूध बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजात, कपबशी फडताळात, गाळणं खिळ्याला, आणि शेवटी कप बाहेर न्यायला. सात वेळा. एका चहाला सात, आणि तो स्वतः दिवसाचे पाच चहा प्यायचा, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रह करायचा. गुडघे दुखतात असं ती दहा वर्षं म्हणत होती, आणि दहा वर्षं तो म्हणत होता की बाम लाव.

अनंता तिथेच बसून रडला. चांगला हुंदके देऊन रडला. ज्या समुद्राने पोट भरलं त्याला तो दरवर्षी नारळ वाहायचा, बोटीची पूजा करायचा, इंजिनालासुद्धा हळदकुंकू लावायचा. आणि जिने रोज ताट पुढे केलं तिला साधं ‘बरं झालंय’ एवढंही कधी म्हणाला नव्हता. घण उचलण्याआधी त्याने त्या डागाला हात जोडले. कुणी बघत नव्हतं म्हणून जोडले, हेही खरं.

त्या संध्याकाळी त्याने तिला फोन केला. एरवी त्यांचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस?’, ‘जेवली’, खलास. त्या दिवशी त्याने विचारलं की रोज हाताशी काय काय लागतं. केसरला वाटलं, ह्याला ताप आलाय. मग तुटक का होईना, तिने सांगितलं: मीठ, मसाला, कोकमं, चिंच. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, उभी राहिलीस की कंबर कुठवर येते. तिसऱ्या दिवशी, तवा डावीकडे की उजवीकडे. हळूहळू तीच आपणहून सांगायला लागली, की मोठं पातेलं वर ठेवू नका, रोज लागतं. रोज सांजेला हा फोन ठरूनच गेला. येईन असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारायचं धाडस केलं नाही.

काम सुरू झालं आणि त्या एकदम आसानवाल्या मिस्त्रीची खरी ओळख पटली. पहिल्या दिवशी रचलेल्या विटा दुसऱ्या दिवशी अनंतानेच पाडल्या, कारण त्या पायापासूनच कलल्या होत्या. कडप्पाची फरशी चढवताना दयारामचं बोट चेंगरलं आणि त्याने दोन दिवस बोलणं टाकलं. रेती तेवढी गोड्या पाण्याची आणली. खाऱ्या रेतीचं बांधकाम किती टिकतं हे कोळ्याला सांगावं लागत नाही. लाकडाचं काम मात्र दोघांनी झकास केलं, आणि त्या भरात बोटीला लावायचं उरलेलं माशाचं तेल सगळ्या फळ्यांना चोपडलं. लाकूड शंभर वर्षं टिकेल, दयाराम म्हणाला. रात्रीतून वाडीतली झाडून सगळी मांजरं खिडकीत जमली. पुढचे चार दिवस दोघे फळ्या घासत होते, आणि दयारामची बायको तुळशी त्यांना डबा द्यायला यायची ती नाकाला पदर लावून.

तुळशीला त्यांनी आत मात्र येऊ दिलं नाही. झाल्यावरच बघ, म्हणाले. तिथेच चुकलं.

कारण अनंताला आयुष्यात एकच स्वयंपाकघर माहीत होतं, ते म्हणजे बोटीच्या केबिनमागचं. तरुणपणी पाच वर्षं तो बोटीवर भात-कालवण करायचा. तिथला नियम साधा: बोट हलते, म्हणून जागा अरुंद हवी. पाठ एका बाजूला टेकली पाहिजे, पोट दुसऱ्या बाजूला, आणि हात लांब केला की सगळं मिळालं पाहिजे. जागा मोकळी असली की माणूस फेकला जातो. त्याच हिशेबाने त्याने एका भिंतीला शेगडी-सिंकचा दगडी ओटा घातला, आणि समोर, तेवढ्याच उंचीचा, डब्यांचा लाकडी ओटा. मध्ये वाट ठेवली दीड फुटाची. दोन्ही ओट्यांच्या कडेला हातात धरायला गोल लाकडी दांडा, आणि भांडी घसरू नयेत म्हणून दोन बोटं उंच पट्टी. घर हलत नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दयाराम मध्ये उभा राहिला, पाठ टेकवून बघितली, आणि म्हणाला, तांडेल, हीच खरी जागा.

नारळी पौर्णिमेला चार दिवस होते तेव्हा हेतल आईला घेऊन आली. आधीच फोन करून बजावलं होतं, की आई फक्त बघायला येतेय, संध्याकाळी परत नेणार. बाबा, जास्त आशा लावून बसू नकोस. अनंता सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होता. गाडी थांबली, दार उघडलं, आणि हेतलने डिकीतून ती वस्तू काढून आईपुढे ठेवली. चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर.

अनंताने तो त्याआधी पाहिलाच नव्हता. उलव्याला गेला तेव्हा ती पलंगावर, फोनवर नुसता चेहरा. नवऱ्याला तो दिसू नये म्हणून केसर वॉकर दाराआड ठेवायला लावायची.

ठक ठक करत ती पडवीतून आत आली. दोन पायऱ्यांपाशी हेतलने धरलं. मधली खोली ओलांडली. स्वयंपाकघराच्या दारात आली, वॉकर पुढे सरकवला, आणि तो दोन्ही ओट्यांच्या मध्ये अडला. तिने तिरका केला. तरी अडला. दीड फुटात दोन फुटांचा वॉकर कसा जाणार?

“बाबा,” हेतल हळूच म्हणाली, “तू वॉकरचं माप नाही घेतलंस?”

 दोन महिने. कडप्पा, विटा, दयारामचं बोट, सगळं केलं, आणि जिच्यासाठी केलं तिला दारातच थांबवलं. ‘फोडतो,’ एवढंच तो पुटपुटला, ‘आता फोडतो,’ आणि घण आणायला वळला. तुळशी कपाळावर हात मारून घेत होती. दयाराम कधीच अंगणात सटकला होता.

“थांबा जरा,” केसर म्हणाली.

ती आत बघत होती. सगळं बघत होती. कोकमं, मीठ, मसाला, चिंच, फोनवर सांगितलं त्या क्रमाने. मोठं पातेलं खाली. तिने चौकट धरली, अडलेला वॉकर हेतलला बाजूला घ्यायला लावला आणि उजवा हात दगडी ओट्याच्या दांड्यावर ठेवला. मग डावा हात लाकडी ओट्याच्या. वॉकर मागे राहिला. डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं की हाड जुळलंय, आता हा सोडा; पण एकदा पडलेलं माणूस दुसऱ्यांदा पडायला भितं. उलव्याच्या त्या ऐसपैस हॉलमध्ये वॉकरशिवाय तिने एक पाऊलही टाकलं नव्हतं.

तिने एक पाऊल टाकलं.  अनंता मागे धावला, पण वाट एकाच माणसाची, त्याला तिच्या बाजूला शिरता येईना.

“केसर, पडशील गो,” तो म्हणाला.

“कुठं पडू?” ती म्हणाली. “हतं पडाला जागाच न्हाय.”

दुसरं पाऊल, तिसरं, चौथं. दोन्ही हात दांड्यांवरून सरकत सिंकपर्यंत पोचली. तिथे वळली, पाठ लाकडी ओट्याला टेकवली, आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते पदराआड कळेना. हेतल मात्र उघड रडत होती. अनंता दाराच्या चौकटीला धरून उभा होता, आणि समुद्राचे, म्हावऱ्याचे, खंडोबाचे, त्या हिंदी मिस्त्रीचे, आठवतील त्यांचे मनातल्या मनात आभार मानत होता.

मग केसरने जवळा भाजायला घेतला. आणि ताबडतोब तक्रारी सुरू झाल्या. ही पट्टी कशाला, पुसताना फडकं अडकतं. सिंक उथळ आहे, पाणी अंगावर उडतं. कोपऱ्यातून अजून माशाच्या तेलाचा वास येतो. पाय थकला की ती मागच्या ओट्याला रेलायची आणि रेलूनच परतायची. अनंता दारात उभा राहून मागेल ते पुढे करत होता. एकदा साखर मागितली तेव्हा साखरच दिली. बरोबर दिली म्हणून त्याच्याकडे तिने एकदा वळून पाहिलं.

जेवायला सगळे पडवीत बसले, खुर्च्यांवर. वांगं-जवळा, भात, सोलकढी. अनंताने पहिला घास घेतला आणि ताट खाली ठेवलं.

“केसर,” तो म्हणाला, “चालीस वर्सां खाल्ला, न कदी बोललो न्हाय. लय बरा झालाय. आजचाच न्हाय. सगलाच बरा व्हता.”

सगळ्यांसमोर असं काही बोलायची त्यांच्या घरात रीत नाही. तुळशी ताटात बघू लागली. केसर म्हणाली, मीठ कमी पडलंय, आणि उरलेला जवळा सगळा त्याच्याच पानात वाढला.

ऊन उतरलं. हेतलने गाडीची किल्ली हातात घेतली, घड्याळ बघितलं, आणि आईला म्हणाली की निघूया, वडखळला ट्रॅफिक लागेल. अनंता उठून उभा राहिला. विचारायचं होतं, पण दिवसभरात एवढं मिळालं होतं की अजून मागायला तोंड होईना. पुन्हा येशील, असं काहीतरी तो म्हणणार होता.

“डिकीन निली पिशवी हाय माजी,” केसर लेकीला म्हणाली. “ती तवढी काड.”

हेतलने विचारलं, कसली पिशवी? केसर म्हणाली, कपड्यांची. सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा जावयाला सांगून ठेवून घेतली, औषधं पण त्यातच आहेत.

“म्हंजे वटा बगाच्या आदीच?” अनंता म्हणाला. त्याला काही उमजेना. “न वटा वाकडा निंगाला असता तर?”

“निंगाला असता तर निंगाला असता,” केसर म्हणाली. “त्या खोलीन चालीस वर्सां मी एकलीच व्हती. तुमी दोन म्हयनं तिथं बसलात, न रोज सांजचं मना इचारलात, ह्यो डबा कुठं न त्यो डबा कुठं. मंग मी कशी न येनार?”

 अनंताने हेतलच्या हातातून किल्ली घेतली आणि अंगणात जाऊन डिकी उघडली. निळी पिशवी फार जड नव्हती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी उचलून आणली. उंबऱ्याशी थांबून त्याने केसरला विचारलं, ही कुठे ठेवू.